ब्राउनिंगची इटली: खिडकीतली की दप्तरातली?

कागदकीडा

१८६० चा जून, फ्लॉरेन्समधला सान लोरेन्झोचा चौक, भर दुपार. जुन्या बाजारात असतो तसा माल मांडलेला: मुलामा उडालेल्या तसबिरींच्या चौकटी, कुठल्याशा पेटीवरून निखळलेले ब्राँझचे देवदूत, विटलेले पडदे, चिमटे, फावडी. त्यात एक चौकोनी, चामडी बांधणीचं, पिवळं पडलेलं पुस्तक. रॉबर्ट ब्राउनिंगने एक लिरा टाकला आणि ते उचललं. इंग्लंडच्या हिशेबात आठ पेन्स. तिथून निघाला तो वाचतच. स्त्रोझ्झींच्या वाड्यावरून, सांता त्रिनिता पुलावरून नदी ओलांडून सान फेलिचे चर्चजवळच्या आपल्या घरी पोचेपर्यंत त्याने ते पहिल्या पानापासून सूचीपर्यंत वाचून काढलं. हे मी रंगवून सांगत नाहीये. त्यानेच पुढे कवितेत लिहून ठेवलंय, बाजारातल्या चिमट्या-फावड्यांसकट.

पुस्तकात होती एका खुनाच्या खटल्याची कागदपत्रं. काही छापील, काही हाती लिहिलेली, थोडी लॅटिन, थोडी इटालियन. प्रकरण असं. अरेझ्झोचा ग्विदो फ्रान्चेस्किनी, घराणं खानदानी पण खिसा रिकामा. हुंड्यावर डोळा ठेवून त्याने रोममधल्या १३ वर्षांच्या पॉम्पिलियाशी लग्न केलं. सासू-सासरे आणि जावई यांचं फाटलं. मग सासूने जाहीरच केलं की पोरगी माझ्या पोटची नाही, एका वेश्येकडून विकत घेतलेली आहे. झालं, हुंड्याचा वाद कोर्टात. नवऱ्याच्या जाचाला कंटाळून पॉम्पिलिया कापोन्साक्की नावाच्या तरुण धर्मगुरूबरोबर पळाली, आणि रोम हाकेच्या अंतरावर असताना पकडली गेली. डिसेंबर १६९७ मध्ये तिला मुलगा झाला. २ जानेवारी १६९८ च्या रात्री ग्विदो चार माणसं घेऊन आला. म्हातारा-म्हातारी जागीच गेली. पॉम्पिलिया अंगावर २२ जखमा घेऊन चार दिवस जगली आणि जबानी देऊन मेली. २२ फेब्रुवारीला रोमच्या पियाझ्झा देल पोपोलोमध्ये ग्विदोचं मुंडकं उडवलं, साथीदारांना फासावर चढवलं.

याचं ब्राउनिंगने जे केलं ते म्हणजे 'द रिंग अँड द बुक'. १८६८-६९ मध्ये चार खंडांत निघालेलं, १२ सर्गांचं, २१ हजारांहून जास्त ओळींचं काव्य. एकच गोष्ट नऊ जण सांगतात, ग्विदो तर दोनदा. अर्धं रोम एक म्हणतं, उरलेलं अर्धं दुसरं. खुनी बोलतो, मरणारी बोलते, दोन्ही बाजूंचे वकील बोलतात, शेवटी अपील फेटाळणारा पोपही बोलतो.

आता धाग्याचं कारण. ब्राउनिंग म्हटलं की 'इटलीवेडा कवी' हे ठरलेलंच. हृदय उघडून बघा, आत 'इटली' कोरलेलं सापडेल, असं त्याचंच म्हणणं आहे. ते खरंही आहे. पण कुठली इटली? १८४७ पासून १८६१ पर्यंत तो आणि त्याची बायको, कवयित्री एलिझाबेथ, फ्लॉरेन्सला 'कासा ग्विदी'त राहिले. हीच ती वर्षं, जेव्हा तुकड्यातुकड्यांतली, ऑस्ट्रियाच्या टाचेखालची इटली एक देश म्हणून उभी राहत होती. क्रांती, पराभव, पुन्हा युद्ध, सगळं घराखालच्या रस्त्यावरून जात होतं. एलिझाबेथ खिडकीत उभी राहून ते बघत होती आणि लिहीत होती. आणि हे महाशय? १४०० सालानंतरचा भिक्षू-चित्रकार (फ्रा लिप्पो लिप्पी), १५०० नंतरचा बायकोपुढे हतबल झालेला चित्रकार, मरणाच्या दारात स्वतःच्या थडग्याचा संगमरवर ठरवत बसलेला बिशप, आणि हे १६९८ चं खूनप्रकरण.

माझं मत असं की ब्राउनिंगला जिवंत इटालियन माणूस कवितेत कधी नीट सापडलाच नाही. त्याला कागद लागायचा. वाझारीने लिहिलेली चित्रकारांची चरित्रं, खटल्याची बाडं, जुन्या चित्राखालचं नाव. कागदातला माणूस मेलेला असतो, मध्ये बोलत नाही, 'मी असं म्हणालोच नव्हतो' अशी तक्रार करत नाही. मग ब्राउनिंग त्याच्या तोंडून वाटेल तितकं बोलून घेतो, आणि काय बोलून घेतो! हा मला दोष वाटत नाही, ही त्याची खरी ताकद वाटते. पेशवे दप्तरातल्या एखाद्या रुमालातून घाशीराम कोतवालाचा शेजारी अचानक बोलायला लागावा, तसं काहीतरी.

एक उदाहरण देतो. 'आंद्रेआ देल सार्तो' या कवितेमागची गोष्ट अशी सांगतात: जॉन केनियन या त्यांच्या हितचिंतकाला पित्ती राजवाड्यातल्या, चित्रकार आणि त्याची बायको असलेल्या एका चित्राची नक्कल हवी होती. ब्राउनिंगला ती मिळवता येईना, म्हणून त्याने कविताच लिहून पाठवली. पित्ती राजवाडा म्हणजे कासा ग्विदीच्या समोरच. रस्ता ओलांडला की चित्र. त्या रस्त्यावरून मोर्चे जात होते. ब्राउनिंग मोर्चातून वाट काढून चित्राकडे गेला, असं मला नेहमी वाटतं.

तुम्हाला काय वाटतं?

---

खारीबुंदी

लेख झकास. पण २१ हजार ओळी? आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतही माणसं इतकं बोलत नाहीत, आणि तिथेही नऊ जण एकच गोष्ट सांगतात. हे कुणी पूर्ण वाचलंय का, की सगळे लेखावरच प्रतिसाद देणार?

---

कागदकीडा

@खारीबुंदी, तुमच्या बाजूने थेट इतिहासकार-निबंधकार कार्लाइल उभा आहे. त्याने म्हणे ब्राउनिंगला तोंडावर सांगितलं की एवढा पसारा ज्यावर रचलाय ती फौजदारी कोर्टातली गोष्ट दहा ओळींत संपली असती, आणि खरं तर विसरून जायच्या लायकीची आहे.

मी पूर्ण वाचलंय, सलग नाही. दोन सर्गांत झोप लागली, ते कुठले ते नंतर सांगेन.

---

वकीलपाडा

फौजदारीत हयात गेली म्हणून हा प्रतिसाद.

या खटल्याची पद्धत समजून घेतली तर ब्राउनिंगला त्या बाडात काय दिसलं ते लक्षात येतं. आपल्याकडे साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहतो, उलटतपासणी होते, वकील हातवारे करतो. पोपच्या रोममध्ये तसलं काही नव्हतं. सगळं लेखी. बचावाचा वकील युक्तिवाद लिहून देणार, सरकारी वकील त्याला लेखी उत्तर देणार, मग पुन्हा बचाव. हे युक्तिवाद पोपच्या सरकारी छापखान्यात छापून न्यायाधीशांपुढे जायचे. त्या पिवळ्या पुस्तकातला मोठा भाग म्हणजे हे छापील युक्तिवाद. म्हणजे ब्राउनिंगच्या हाती लागली ती एकमेकांना छेद देणारी, प्रत्येकी शंभर टक्के खात्रीने लिहिलेली भाषणं. वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून एकच गोष्ट सांगायची कल्पना त्याच्या डोक्यातून निघाली असेलही, पण सांगाडा बाडातच तयार होता.

दुसरं. खून केला की नाही हा वादाचा मुद्दाच नव्हता. ग्विदोने केला हे सगळ्यांना मान्य. वाद होता तो अब्रूचा. बायको परपुरुषाबरोबर गेली, नवऱ्याने अब्रूसाठी मारलं, मग शिक्षा सौम्य व्हायला हवी की नको? बचावाचा सगळा जोर त्यावर. सरकारी बाजू म्हणते: पळाली एप्रिलमध्ये, मारलं जानेवारीत. रागाच्या भरात म्हणायला हा राग फारच सवडीचा झाला. त्यात माणसं जमवली, बंदी असलेली हत्यारं आणली, रात्री घरात घुसला. म्हणजे थंड डोक्याने केलेला कट.

हा युक्तिवाद वाचताना मला तीनशे वर्षांपूर्वीचं रोम दूर वाटलं नाही, एवढंच म्हणतो. 'गंभीर व अचानक प्रक्षोभ' हे शब्द आमच्या पेशात रोजचे. प्रक्षोभ 'अचानक' होता का, मध्ये थंड व्हायला वेळ मिळाला का, यावर आजही पानंच्या पानं खर्ची पडतात.

आणि ग्विदोने शेवटी काय पत्ता काढला? आपण चर्चमधले खालच्या पायरीचे का होईना दीक्षित आहोत, तेव्हा आपल्याला सवलत मिळावी. त्यावर पोप बारावा इनोसंट नाही म्हणाला. कागदकीडा, तुमचा 'दप्तर' हा शब्द चोख आहे. मेलेली माणसं तक्रार करत नाहीत हे मात्र अर्धंच खरं. पॉम्पिलियाची मृत्युपूर्व जबानी ही तक्रारच आहे, आणि सगळं काव्य तिच्याभोवती फिरतं.

---

रानजाई

एलिझाबेथला 'खिडकीत उभी राहून बघत होती' एवढ्यावर सोडलंत, म्हणून तिच्या बाजूने लिहिते.

१२ सप्टेंबर १८४७. फ्लॉरेन्सच्या ग्रँड ड्यूकने नागरिकांना स्वतःचं रक्षक दल उभारायची परवानगी दिली म्हणून सगळं शहर रस्त्यावर. वकील, पाद्री, कलावंत, खेड्यापाड्यांतले शेतकरी, हातात निशाणं, मिरवणूक कासा ग्विदीच्या खालून पित्ती राजवाड्याकडे. तासन्तास चालली होती. योगायोगाने तो दोघांच्या लग्नाचा पहिला वाढदिवस. बापाला न सांगता लग्न करून, आठवड्याभरात लंडन सोडून पळालेली ही बाई, आयुष्याचा मोठा भाग आजारपणामुळे खोलीत कोंडलेली, आता खिडकीतून एका देशाला श्वास घेताना बघतेय. यातून 'कासा ग्विदी विंडोज'चा पहिला भाग आला. सुरुवात होते रस्त्यावरून 'स्वातंत्र्या, किती सुंदर तू' असं गात जाणाऱ्या एका लहान पोराने.

मग १८४९ मध्ये ऑस्ट्रियाच्या फौजा फ्लॉरेन्समध्ये शिरल्या. ज्या ड्यूकचा जयजयकार झाला होता, तो त्यांच्या पाठिंब्याने परत आला. त्याच खिडकीतून तिने हेही बघितलं आणि दुसरा भाग लिहिला. मला तिचं सगळ्यात आवडतं ते पुढचं: १८५१ मध्ये पुस्तक काढताना तिने पहिल्या भागावर रंगसफेदी केली नाही. आशा तशीच ठेवली, भ्रमनिरास तसाच. वाचकाला फट दिसू दिली. दप्तरात शिरून बसलेल्या माणसाला हे परवडतं, कारण तिथे सगळं आधीच घडून गेलेलं असतं. चालू वर्तमानावर कविता लिहून, ती खोटी ठरल्यावर तशीच छापायला छाती लागते.

१८६० च्या 'पोएम्स बिफोर काँग्रेस'वर तर इंग्लंडमधल्या समीक्षकांनी तिची सालटी काढली. बाईमाणसाने राजकारणात कशाला पडावं, त्यात फ्रान्सच्या सम्राटाची, तिसऱ्या नेपोलियनची तरफदारी! (ती तरफदारी मलाही झेपत नाही.) एका कवितेतला शाप अमेरिकेतल्या गुलामगिरीला होता, तो इंग्लंडलाच दिलाय समजून काहींनी आरडाओरडा केला.

मार्च १८६१ मध्ये इटलीचं राज्य जाहीर झालं. ६ जूनला त्या एकीकरणाचा शिल्पकार काव्हूर गेला, तिला तो धक्का फार लागला. २९ जूनला तीही गेली. आणि हो, ते पिवळं पुस्तक. नवरा उत्साहाने सांगत होता, पण तिने त्या कागदांकडे बघायचीही इच्छा दाखवली नाही. हे खुद्द ब्राउनिंगनेच नंतर एका पत्रात लिहिलंय. एका घरात दोन इटल्या राहत होत्या हे तुमचं म्हणणं यातून उलट पक्कं होतं. पण त्यातली अवघड इटली तिच्या वाट्याची होती.

---

उंबरठा

मूळ लेखाशी असहमत. ब्राउनिंगला जिवंत इटली सापडली नाही म्हणता, मग हे काय?

'पिप्पा पासेस', १८४१. आसोलोच्या रेशीम गिरणीत राबणारी पोरगी, वर्षातल्या एकुलत्या सुट्टीच्या दिवशी गाणी म्हणत गावातून फिरते. त्यात लुइजी नावाचा तरुण आहे, तो ऑस्ट्रियाच्या सम्राटाला मारायला निघालाय. हे काय वाझारीच्या पुस्तकातलं आहे?

'दि इटालियन इन इंग्लंड', १८४५. ऑस्ट्रियन शिपायांपासून लपलेला क्रांतिकारक, त्याला एक शेतकरी बाई अन्न आणून देते, पकडून देत नाही. ही कविता मॅझिनीने आपल्या परागंदा सोबत्यांना वाचून दाखवली होती, की बघा, एक इंग्रज आपलं दुःख कसं समजून घेऊ शकतो. ज्या मॅझिनीचं आत्मचरित्र सावरकरांनी १९०७ मध्ये मराठीत आणलं, तोच हा. आपल्याकडे एका पिढीने इटली ओळखली ती त्याच वाटेने, फ्लॉरेन्सच्या चित्रांच्या वाटेने नाही.

'ओल्ड पिक्चर्स इन फ्लॉरेन्स', १८५५. शेवटी जुना चित्रकार जत्तो याचा अर्धवट राहिलेला मनोरा आणि इटलीचं स्वातंत्र्य एका दोरीत ओवलंय.

आणि शेवटचा पुरावा, जो तुम्ही दोघांनीही दिला नाहीत. १८५९ मध्ये नवरा-बायको इटलीच्या प्रश्नावर मिळून एक पुस्तक काढणार होते. कल्पना रॉबर्टची. एलिझाबेथच्या पत्रात आहे की तिची कविता वाचून तो म्हणाला, तू इंग्लंडशी माझ्यापेक्षा फार सौम्य वागलीस. म्हणजे याची कविता चांगलीच जहाल असणार. मग व्हिलाफ्रांकाचा तह झाला, इटलीच्या बाजूने ऑस्ट्रियाशी लढणाऱ्या नेपोलियनने अर्ध्यावर हात वर केले, आणि ब्राउनिंगने आपली कविता नष्ट केली. तर जिवंत इटलीवर तो लिहीत होता. आपल्या हाती ती आली नाही, इतकंच.

---

कागदकीडा

@उंबरठा, तुमची सालं जरा बघा. 'पिप्पा' १८४१, 'इटालियन इन इंग्लंड' १८४५. दोन्ही इंग्लंडमध्ये बसून लिहिलेल्या. तोवर तो इटलीला फक्त दोनदा गेला होता, १८३८ मध्ये आणि १८४४ मध्ये, प्रवासी म्हणून. बिऱ्हाड थाटलं १८४६ च्या शेवटी आधी पिसाला, मग फ्लॉरेन्सला. म्हणजे लांबून बघताना त्याला क्रांतिकारक दिसत होता, खालच्या मजल्यावर क्रांती आल्यावर हा भिक्षू लिप्पोच्या मागे गेला. तुम्ही मलाच दाखला देताय.

'ओल्ड पिक्चर्स' मात्र तुमच्या पारड्यात टाकतो. तरी त्यातही स्वातंत्र्यापर्यंत तो चित्रांच्या गल्लीतूनच पोचतो.

नष्ट केलेल्या कवितेबद्दल म्हणाल, तर रानजाईंनी वर लिहिलंय त्याच्याशी ताडून बघा. एलिझाबेथची आशा फोल ठरली, तिने छापली. रॉबर्टची फोल ठरली, त्याने संपवली. आणि वर्षभराच्या आत, जून १८६० मध्ये, त्याने सान लोरेन्झोच्या बाजारात १६९८ सालचा खटला विकत घेतला. तो खटला निकाली निघालेला होता. त्यात उद्या सकाळी तह होऊन कवितेची माती होण्याची भीती नव्हती.

---

रानजाई

हे पटलं. पण 'ताकद' म्हणाल का याला अजूनही?

---

कागदकीडा

हो. 'फ्रा लिप्पो लिप्पी' वाचा. मध्यरात्री वेश्यांच्या गल्लीत पहारेकऱ्यांनी पकडलेला भिक्षू, मानगुटीवरचा हात काढा हो म्हणत आधी ओळखी सांगतो, कोसिमो मेदिचीचं नाव पुढे करतो, मग दोन पैसे चारतो, मग गप्पा मारायला बसतो. लहानपणी उपाशी रस्त्यावर फिरताना कोण अर्धवट खाल्लेला द्राक्षांचा घड टाकेल आणि कोण लाथ मारेल हे तोंडं बघून ओळखायला शिकलो, म्हणून मला चेहरे काढता येतात, असं सांगतो. वाझारीत चादरी फाडून खिडकीतून उतरल्याची गोष्ट आहे, पोरकेपण आहे. पण भुकेल्या पोराच्या नजरेतून चित्रकार घडतो हे सगळं ब्राउनिंगचं. इतका जिवंत इटालियन त्या काळच्या इंग्रजी कवितेत दुसरा दाखवा. गंमत म्हणजे त्यात त्याने मासाच्चोला लिप्पोचा चेला केलंय. प्रत्यक्षात मासाच्चो वयाने मोठा, आणि लिप्पोच त्याचं काम बघून शिकला. ज्या कागदांवर त्याने विश्वास टाकला त्यांनीच तिथे त्याला फसवलं. कवितेचं त्याने काही बिघडलेलं नाही.

---

निवृत्त_मास्तर

धागा उशिरा वाचला. इंग्रजी शिकवण्यात वर्षं घालवली, त्यामुळे 'माय लास्ट डचेस' हा माझा प्रांत. ब्राउनिंग आपल्याकडे बहुतेकांना भेटतो तो याच ५६ ओळींत, कॉलेजच्या क्रमिक पुस्तकात.

मुलांना मी एकच सांगत असे: कवितेच्या वर एक शब्द आहे, 'फेरारा'. तो खोडा आणि पुन्हा वाचा. कविता लंगडी होते. ड्यूकचं नाव कुठेच नाही, पण फेरारा म्हटलं की दुसरा अल्फोन्सो दे'एस्ते समोर येतो. त्याची बायको लुक्रेत्सिया दे मेदिची, १५६१ मध्ये गेली, वय सोळा. विषप्रयोगाची कुजबुज झाली, अभ्यासकांचा कल क्षयाकडे आहे. पुढे त्याने लग्न केलं ते इन्सब्रुकच्या दरबारातल्या बार्बराशी. म्हणूनच कवितेत शेवटी इन्सब्रुकच्या क्लाउसने घडवलेला ब्राँझचा समुद्रदेव येतो. चित्रकार फ्रा पान्डोल्फ आणि हा क्लाउस दोघेही काल्पनिक. चार खऱ्या खिळ्यांवर खोटं चित्र टांगायचं, ही ब्राउनिंगची रीत.

आणि तो ड्यूक पडदा सारून काय दाखवतो? बायको कुणाकडेही बघून हसायची. चेरीची फांदी आणून देणाऱ्या खुळ्याला, पांढऱ्या खेचराला, मावळत्या सूर्याला, आणि माझ्या नऊशे वर्षांच्या घराण्याच्या नावाला, सगळ्यांना एकच हसू. मग मी हुकूम दिला आणि सगळी हसू एकदम थांबली. समोर कोण बसलंय, तर नव्या सोयरिकीची बोलणी करायला आलेला माणूस! वर्गात या जागेला हमखास एखादी मुलगी मान वर करून बघायची. त्यासाठी वेगळं शिकवावं लागलं नाही.

मराठीशी नातं म्हणाल तर भा. रा. तांबे. त्यांच्या नाट्यगीतांची चर्चा निघाली की ब्राउनिंगचं नाव येतंच. पात्राच्या तोंडून, एका प्रसंगाच्या मध्यावर, कविता सुरू करायची ही चाल तिथली. पण तांब्यांनी त्याला गळा दिला, चाली दिल्या. ब्राउनिंगचा खुनी तांब्यांच्या हाती पडला असता तर तोही एखाद्या रागात गायला असता.

---

आर्नोकाठ

कामानिमित्त फ्लॉरेन्सला राहते, त्यामुळे जागांबद्दल थोडं.

कासा ग्विदी आता ईटन कॉलेजच्या मालकीचं आहे. लँडमार्क ट्रस्टकडून सुट्टीसाठी भाड्याने मिळतं, आणि वर्षातल्या काही महिन्यांत ठरावीक दिवशी बघायलाही उघडं असतं. खोल्या उंच आणि काळोख्या. रस्ता अरुंद, समोर भिंत. 'खिडकीतून इटली दिसत होती' हे वाचून मोठं दृश्य डोळ्यांसमोर आणलं असेल तर निराश व्हाल. तिथून मिरवणूक दिसत नाही, अंगावर येते. दारावर नगरपालिकेची पाटी आहे, मजकूर निकोलो तोमासेओ या इटालियन कवीचा. एलिझाबेथने आपल्या कवितेतून इटली आणि इंग्लंडला जोडणारी सोन्याची अंगठी घडवली, अशा अर्थाचा.

आता 'द रिंग अँड द बुक'च्या अगदी शेवटच्या ओळी काढून बघा. आपली ही अंगठी तिच्या त्या अंगठीच्या बाहेर पहारा देत राहो, एवढंच मागणं आहे. बायको ज्या बाडाकडे बघायला तयार नव्हती त्यावर हजारो ओळी लिहून, शेवटी तिच्या दारावरच्या पाटीतला शब्द उचलून तो थांबतो. कागदकीडा, ही पाटीसुद्धा एक कागदच की. फक्त दगडी.

एलिझाबेथची कबर इंग्लिश सेमेटरीत आहे, पियात्साले दोनातेल्लोला. चारही बाजूंनी गाड्यांचा रस्ता, मध्ये सायप्रसच्या झाडांची टेकडी, बेटासारखी. कबरीचा आराखडा चित्रकार फ्रेडरिक लेटनचा, नावाची फक्त आद्याक्षरं. ब्राउनिंग १८६१ मध्ये मुलाला घेऊन फ्लॉरेन्स सोडून गेला तो परत या शहरात कधी आला नाही. इटलीला आला, १८७८ नंतर आसोलोला, व्हेनिसला. फ्लॉरेन्सला नाही. १२ डिसेंबर १८८९ ला व्हेनिसमध्ये, मुलाने घेतलेल्या का' रेझ्झोनिको या वाड्यात गेला. त्याच दिवशी लंडनला त्याचं 'आसोलान्दो' हे शेवटचं पुस्तक निघालं होतं. फ्लॉरेन्सची ती दफनभूमी तोवर बंद झाली होती, त्यामुळे त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत नेलं. म्हणजे इटलीवेडा कवी लंडनला, आणि त्याची लंडनहून पळून आलेली बायको फ्लॉरेन्सला.

---

उंबरठा

पाटीचं माहीत नव्हतं. मान गये.

मूळ वादावर अजूनही तुमच्याशी भांडायला तयार आहे. तो फ्लॉरेन्सला परत गेला नाही, यावरून मला तरी वाटतं की ते शहर त्याच्यासाठी कागद कधीच नव्हतं.

---

खारीबुंदी

बरं, आता चेष्टा पुरे. सुरुवात कुठून करू? आणि झोपेचे दोन सर्ग कुठले ते अजून सांगितलं नाहीत.

---

कागदकीडा

आधी 'माय लास्ट डचेस', मग 'फ्रा लिप्पो लिप्पी', मग बिशपच्या थडग्याची ती कविता. त्या बिशपबद्दल कलासमीक्षक रस्किनने लिहिलंय की रेनेसाँच्या वृत्तीबद्दल इतकं सांगणारा दुसरा मजकूर आधुनिक इंग्रजीत त्याला ठाऊक नाही, आणि रस्किन सहसा कुणाची इतकी वाहवा करत नसे. मोठ्या काव्यात शिरायचंच असेल तर पहिला सर्ग (बाजार आणि चिमटे), सातवा (पॉम्पिलिया) आणि अकरावा (मुंडकं उडवायच्या आदल्या रात्रीचा ग्विदो). आठवा आणि नववा सोडा, ते दोन वकील. तिथेच माझा डोळा लागला.

---

वकीलपाडा

अहो, तेच तर दोन सर्ग मी कालपासून पुन्हा वाचतोय! आठव्यात बचावाचा वकील खुन्यासाठी युक्तिवाद रचतोय आणि त्याचं सगळं लक्ष संध्याकाळच्या जेवणात. पोराचा आठवा वाढदिवस, ताटात तळलेली कलेजी येणार आहे. मध्येच लॅटिनमधलं एक वाक्य, मध्येच पोराचं कौतुक, मग पुन्हा 'अब्रूसाठी केलेला वध'. खालच्या कोर्टात पाच वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा, हे अतिशयोक्त आहे का.

नवव्यातला सरकारी वकील तर त्याहून वरचढ. पॉम्पिलिया निर्दोष असं म्हणत म्हणत तिला जवळपास दोषी करून ठेवतो. आणि बाराव्या सर्गात तोच माणूस तिच्या मालमत्तेवर डोळा असलेल्या कॉन्व्हेंटचं वकीलपत्र घेतो आणि ती बदचलन होती हे सिद्ध करायला निघतो. फी दोन्हीकडून. खारीबुंदी, तुम्ही आठव्यापासूनच सुरू करा.